मास्टर पीसमधला खोकला

गाताना खोकू नये, असा बजाजनगरच्या स्वरसाधना संगीत वर्गाचा एकेकाळी नियम होता. एकेकाळी म्हणजे मागच्या उन्हाळ्यापर्यंत. आज त्याच वर्गात जो विद्यार्थी खोकल्याशिवाय गातो, त्याला वेगळ्या सतरंजीवर बसवतात आणि त्याच्या पालकांना बोलावणं जातं. हा बदल कसा घडला त्याची मी साक्षीदार आहे. माझं नाव संस्कृती, इयत्ता नववी. मी हे सगळं शांतपणे, एकही गोष्ट न फुगवता सांगणार आहे. तुला शांतपणे सांगता येत नाही, असं आईचं मत आहे. ते नोंदवून घेतलं आहे.

आमचा वर्ग कडुबाकाकांच्या गिरणीच्या वर भरतो. खाली दळण, वर गायन. गिरणी सुरू असली की आमची फरशी एकाच सुरात गुणगुणते. आमचे सोमनाथ सर म्हणायचे, "तानपुऱ्याची काळजी नाही. फक्त लोकांच्या घरची ज्वारी संपायला नको." सर असे होते. कोणी बेसूर झालं की आमचा कान धरायचे नाहीत, स्वतःचा धरायचे. त्यानं आम्हाला जास्त लाज वाटायची.

उन्हाळ्यात सरांनी एक भारी कल्पना काढली. म्हणाले, "आपला आवाज सगळ्या जगाला ऐकू जातो, एक आपल्यालाच जात नाही. घरी गा, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि एकटं बसून ऐका. मला पाठवू नका. काय चुकलं ते मला सांगूही नका. पुढच्या वेळी सुधारून या, बास."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मोबाइल बिघडला. मी आमरीनला, म्हणजे माझ्या मैत्रिणीला, तसं सांगितलंसुद्धा.

"मोबाइल अच्छा है," ती म्हणाली. "तू बिगडेली है."

पण चार-पाच वेळा ऐकल्यावर गंमत कळली. माझा गंधार दर वेळी थोडा खाली बसत होता, बसमध्ये सीट मिळाल्यासारखा. अंतऱ्यात मी घाईनं श्वास गिळत होते. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, माझं मलाच सापडलं होतं! दुसऱ्याची चूक पकडण्यात लई मजा असते हे मला माहीत होतं. स्वतःची पकडण्यात त्याहून मजा असते, हे मात्र नवीन होतं. दोन महिन्यांत माझा गंधार उभा राहायला लागला आणि मी ठरवून टाकलं, डिसेंबरच्या वार्षिक कार्यक्रमात एकटीनं गायचं. तिथं एकालाच एकट्यानं गायला मिळतं, बाकीचे समूहगीतात तोंड हलवतात.

त्याला कारण होतं. पप्पांनी मला कधी गाताना ऐकलेलं नाही. ते वाळूजला कंपनीत आहेत. मी शाळेतून येते तेव्हा ते शिफ्टच्या बसमध्ये असतात, आणि ते घरी असतात तेव्हा झोपलेले असतात, म्हणून मला गाता येत नाही. मी तोंडात रुमाल धरून रियाज करते. पप्पा म्हणाले होते, "तुला एकटीला मिळालं गायला, तर मी शिफ्ट बदलून येतो." पप्पांनी मावशीच्या लग्नालासुद्धा शिफ्ट बदलली नव्हती.

तर असं सगळं छान चाललं होतं. आणि एखादी गोष्ट छान चालली आहे हे वरपर्यंत कळलं की तिची व्यवस्था लावण्यात येते.

आमच्या वर्गाचे अध्यक्ष बद्रीनाथ आप्पा. सगळं आयुष्य त्यांनी वाळूजच्या एका कंपनीत, क्वालिटी विभागात काढलं. निवृत्त झाले, पण तपासणी सुटली नाही. घरी पोळी ताटात पडली की आधी तिची गोलाई बघतात, मग खातात. एका रविवारी ते वर्गात आले आणि सरांच्या समोर मांडी घालून बसले.

"सर, पोरं स्वतःचं स्वतः तपासायलेत म्हणं. कशासंगं?"

"कशासंगं म्हणजे? कानासंगं."

"कान कॅलिब्रेट केलेला हाये का?"

सरांनी नकळत कानाला हात लावला.

"नाय ना?" आप्पा म्हणाले. "मग ती तपासणी नाय, तो अंदाज झाला. अवो सर, कंपनीत पार्ट तपासायचा तर मास्टर पीस लागतो. कपाटात, कुलपात ठेवलेला. पार्ट त्याच्यासारखा असला तर ओके, नसला तर रिजेक्ट."

"आणि पार्ट चांगला आहे की वाईट, ते?"

"ते कोणी इचारीत नसतं," आप्पा समजावणीच्या सुरात म्हणाले. "सारखा हाये का, एवढंच इचारायचं असतं."

म्हणून सरांच्या आवाजात मास्टर पीस तयार करायचं ठरलं. राग भूप, तीनताल, सरांनीच बांधलेली बंदिश: 'ऊठ पाखरा, उजळल्या दिशा'. मे महिना होता. खाली कडुबाकाका कोणाच्या तरी घरच्या लग्नाची मसाल्याची मिरची दळत होते. सर असे गायले की आम्ही हलायचं विसरलो. अंतऱ्यात मिरचीचा भपका जिन्यानं वर आला आणि सरांना खोकला आला. खॉक्-खॉक्. दोनदाच. पण सर ते सर! खोकले तेसुद्धा बरोबर 'खाली'वर, म्हणजे तालात जिथं टाळी न देता हात नुसता बाजूला करतात तिथं. आणि काही झालंच नाही अशा थाटात समेवर परत आले.

"आप्पा, खोकला आला. परत घेऊ," सर म्हणाले.

"परत?" आप्पांना धक्का बसला. "मास्टर पीस एकदाच व्हतो सर. दुसरा केला तर पहिल्याला मास्टर कोण म्हणंल? आन् दुसऱ्याला तरी कोण म्हणंल?"

रेकॉर्डिंगच्या पेन ड्राइव्हला लाख लावून तो कपाटात कुलूपबंद झाला. रेकॉर्डिंगची एक प्रत पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली, आणि मग रोज सकाळी शुभेच्छांच्या फुलांऐवजी तीच यायला लागली.

पहिली तपासणी जूनमध्ये झाली. प्रत्येकानं आपलं रेकॉर्डिंग मास्टर पीसशेजारी लावून ऐकायचं आणि जिथं फरक दिसेल तिथं स्वतःच दोष लिहायचा. याला 'स्व-तपासणी' असं नाव होतं. फक्त ती तपासायला आप्पा शेजारी बसत. ओके असेल त्याला हिरवं स्टिकर, रिजेक्टला लाल. त्या दिवशी अख्ख्या वर्गाला लाल स्टिकर लागलं. सगळ्यांचा दोष एकच: 'अंतऱ्यात एक घटक गहाळ.'

"आप्पा, तो खोकला आहे," मी म्हणाले.

"मी काय हाये ते इचारलं का? हाये का नाय, ते इचारलं."

आमरीनच्या भावाचं, मुनीबभाईचं, लग्नात साउंड लावायचं काम आहे. त्यांनी ग्रुपवरच्या प्रतीतला खोकला एका चहाच्या वेळात काढून दिला. इतका सफाईनं की कोणाला कळलं नसतं. आमरीननं ती मोठ्या आशेनं आप्पांना ऐकवली. आप्पांनी मोबाइल असा खाली ठेवला जसं काही त्यातून रक्त येत होतं. "मास्टर पीसला कानस लावली तुमी?" ते हळू आवाजात म्हणाले. "कंपनीत असतात तर गेटपास जमा केला असता."

पुढच्या आठवड्यात ऋतुराजला हिरवं स्टिकर मिळालं. ऋतुराज शेवटच्या रांगेतला मुलगा. त्याला सूर म्हणजे काय ते माहीत नाही, आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नाही. पण खोकला! दोन्ही खॉक् वेगवेगळे, पहिला जरा दाबलेला, दुसरा मोकळा. आप्पांनी डोळे मिटून मान डोलावली. ऋतुराजच्या आईनं पेढे वाटले.

मग काय, वाऱ्याची दिशा सगळ्यांना कळली. बजाजनगरात घराघरातून सकाळ-संध्याकाळ खोकल्याचा रियाज ऐकू यायला लागला. मीही करायला लागले, मला एकटीनं गायचं होतं ना! आई हळदीचं दूध घेऊन धावायची.

"आई, मला बरी करू नकोस!" मी ओरडायचे.

आमरीन मात्र ढिम्म. "खांसी आई तो खांसूंगी," ती म्हणायची. "नै आई तो कायकू खांसू?" तिचं लाल स्टिकर तिनं छातीवर अशा जागी लावलं होतं की सगळ्यांना दिसावं.

तरीही बऱ्याच मुलांचा खोकला जमेना. कोणाचा उशिरा येई, कोणाचा एकच येई. रिजेक्शन वाढलं तेव्हा आप्पांनी मूळ कारण शोधायला पालकांची बैठक बोलावली. कंपनीत म्हणे पाच वेळा 'कामून', म्हणजे 'का', विचारलं की मूळ कारण हाती लागतंच.

"पोरायचा खोकला बरोबर येत नाय. कामून?"

"नाटकी खोकतात म्हणून," कोणीतरी म्हणालं.

"नाटकी कामून खोकतात?"

"आतून येत नाही म्हणून."

"आतून कामून येत नाय?"

"घसा खवखवत नाही."

"कामून खवखवत नाय?"

मग मागून सर हळूच म्हणाले, "मिरची नाही म्हणून. माझ्या वेळी खाली मिरची होती." सरांना वाटलं, आता तरी हे संपेल. मलाही वाटलं. अगदी पाचव्या कामूनपर्यंत जायचीही गरज पडली नव्हती, खरं कारण सगळ्यांच्या समोर होतं.

"सापडलं!" आप्पा उठून उभे राहिले. "कडुबा, उद्यापासून वर्गाच्या टायमाला मिरची दळायची!"

कडुबाकाकांची काही हरकत नव्हती. त्या पावसाळ्यात पार पिशोरहून मिरची दळायला आली. आम्ही डोळ्यांतून पाणी काढत भूप गायलो. बघणाऱ्यांना वाटायचं, काय भाव आहे पोरांच्या गाण्यात.

आता सरांचं सांगते. यातच मला हसू येत नाही, पण सांगायला तर पाहिजेच. आप्पांचं म्हणणं पडलं की नियम सगळ्यांना सारखा, म्हणून शिक्षकांचीही तपासणी व्हावी. नेमकी त्या रविवारी गिरणी बंद होती. सर गायले. स्वच्छ गायले, माझ्या अंगावर काटा आला. आप्पांनी मास्टर पीस लावून ताडून बघितलं. परत बघितलं. मग त्यांचा चेहरा खरोखर दुःखी झाला, खोटं सांगत नाही.

"सर, वाईट वाटतं सांगायला. पण तुमी तुमच्यासारखं गात नाय."

सरांना लाल स्टिकर लागलं. लाल म्हणजे घरी पाठवत नाहीत, रीवर्कला, म्हणजे परत घडवायला, पाठवतात. सर पहिल्या वर्षाच्या लहान मुलांच्या रांगेत मांडी घालून बसले. सरांच्या गादीवर ब्लूटूथ स्पीकर आला. गुरुपौर्णिमेला आम्ही स्पीकरला हार घातला, शाल पांघरली, नारळ ठेवला. रांगेत सर माझ्या पुढेच होते. त्यांनी स्पीकरच्या पाया पडताना तो जरा सरळ केला, कारण वाकडा ठेवला होता.

डिसेंबर जवळ आला. एकट्यानं गायचा मान अर्थातच ऋतुराजला मिळाला. मी दोन दिवस जेवले नाही, म्हणजे आईसमोर जेवले नाही. पण महिनोन्‌महिने मिरचीत रियाज करून ऋतुराजला खराखुरा खोकला लागला. तो स्थायीत खोकायला लागला, समेवर खोकायला लागला, शाळेत हजेरी द्यायच्या ऐवजी खोकायला लागला. शेवटच्या तपासणीत आप्पांनी शेरा दिला: 'अतिरिक्त घटक. रिजेक्ट.' ऋतुराजची आई म्हणाली, "अवो, पण आतून येतोय!" आप्पा म्हणाले, "आतून यावं, पण सांगितलंय तिथंच यावं."

एव्हाना माझा खोकला जमला होता, माझ्याकडे हिरवं स्टिकर होतं. मला मान मिळाला! पप्पांनी खरंच शिफ्ट बदलली. त्यांच्या सुपरवायझरनं म्हणे विचारलं, घरात कोण आजारी आहे का.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी मी गच्चीवर गेले आणि सरांच्या जुन्या पद्धतीनं रेकॉर्ड केलं. कोणाला पाठवायचं नाही, एकटीनं ऐकायचं. स्थायी ऐकली, छान होती. गंधार ताठ उभा होता. मी स्वतःवरच खूश होऊन हसले. मग अंतरा आला आणि माझ्या गाण्यात मध्येच कोणीतरी म्हातारा माणूस येऊन खोकून गेला. मी मागे घेऊन परत ऐकलं. तो परत आला. मी तशीच वर्गात पळाले. सर लहान मुलांबरोबर सा धरून बसले होते.

"सर, उद्या खोकू का नको?"

"माझं स्टिकर लाल आहे, संस्कृती," सर म्हणाले. "मला विचारलंस तर तुझं हिरवं जाईल."

"सर, सांगा ना!"

सरांनी स्वतःचा कान धरला. "तू रेकॉर्ड करून ऐकलंस ना? मग तुला कशाला पाहिजे माझं उत्तर?"

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. पहिल्या रांगेत आप्पा, एका कानात मास्टर पीस, हातात स्टिकरांचा गठ्ठा. मधल्या रांगेत पप्पा, इस्त्रीचा शर्ट घालून, झोप येऊ नये म्हणून डोळे मोठे करून बसलेले. आमरीन पडद्याजवळ. "खोकला भूल मत, बेगम," तिनं मला चिडवलं. शेवटच्या रांगेत लहान मुलं आणि सर.

मी गायले. मला माहीत आहे मी कशी गायले, उगाच विनय कशाला? भारी गायले! अंतरा आला. तालातली 'खाली' जवळ आली. आप्पांनी डोळे मिटले. आणि मी खोकले नाही. तिथं मी माझा गंधार ठेवला, उभा, आणि त्याला हवा तेवढा वेळ राहू दिला.

हॉलमध्ये क्षणभर असं झालं, जसं जिना उतरताना आणखी एक पायरी असेल असं वाटावं आणि नसावी. लोक अस्वस्थ झाले. सहा-सात महिने रोज सकाळी त्यांनी हे गाणं ऐकलं होतं. कुठंतरी एक खुर्ची करकरली. आणि मग सगळा हॉल एकदम, एका लयीत खोकला. खॉक्-खॉक्. आई खोकली. ऋतुराजची आई पदर तोंडाला लावून खोकली. कडुबाकाका खोकले. पप्पा खोकले! त्या हॉलमध्ये मिरचीचा कणसुद्धा नव्हता.

सगळ्यांत अचूक खोकला शेवटच्या रांगेतून आला. पहिला जरा दाबलेला, दुसरा मोकळा. मी बघितलं. सर होते. त्यांनी लगेच तोंडावर हात ठेवला, आणि दुसऱ्या हातानं आपला कान धरला. पण रीवर्क पूर्ण झालं होतं.

मी समेवर आले. टाळ्यांचा कडकडाट झाला. आप्पा कानातलं काढत उभे राहिले आणि त्यांनी निकाल दिला: "गाणारी रिजेक्ट. प्रेक्षक ओके."

मग दारात उभं राहून त्यांनी प्रत्येक प्रेक्षकाला हिरवं स्टिकर लावलं आणि लोक ते मिरवत चहा-पोह्यांकडे गेले. माझं हिरवं काढून घेण्यात आलं. आमरीननं स्वतःचं लाल स्टिकर अर्धं फाडलं आणि माझ्या फ्रॉकवर थुंकी लावून चिकटवलं. "ले. तेरेकु शोभता है."

घरी जाताना गाडीवर पप्पा म्हणाले, "लई भारी गायलीस. मला माहीतच नव्हतं तू एवढी गातीस म्हणून. फक्त ते एक राहिलं बघ."

"काय राहिलं?"

"ते गं," आणि पप्पांनी खोकून दाखवलं.

"पप्पा, सर त्या दिवशी खोकले कारण खाली मिरची दळत होती!"

"व्हय?" पप्पांनी चौकात गाडी वळवली. मग म्हणाले, "तरी पण, त्याच्याबिगर कसं रिकामं रिकामं वाटतं."

आता ही गोष्ट मी मोठ्यानं वाचून रेकॉर्ड केली आणि गच्चीवर एकटीनं ऐकली. दोन-तीन चुका सापडल्या. त्या मी सांगणार नाही, सुधारीन. तुम्ही आमच्या वर्गाला हसलात, चांगलं केलंत. पण तुमच्याही घरात काहीतरी असंच असेल, तुमच्या शाळेत, तुमच्या ऑफिसात, तुमच्या लग्नकार्यात, जे कोणी का करतं ते कोणालाच ठाऊक नाही, आणि नाही केलं तर रिकामं रिकामं वाटतं. ज्यानं ते पहिल्यांदा केलं त्याच्या खाली त्या दिवशी कोण मिरची दळत होतं, एवढंच घरातल्या मोठ्यांना विचारून बघा. ते उत्तर देतील. पण त्याआधी घसा खाकरतील.

आणि तुमच्या मुलांनी हेच तुम्हाला विचारलं तर? राहू दे, आत्ताच कशाला खाकरता! हिरवं स्टिकर काढून ठेवलंय तुमच्यासाठी.